थोरलीचा फोटो

त्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्यात दगडी शिरली. दगडी हा गाईच्या कासेचा आजार. कास तापते, घट्ट होते, दुधात गुठळ्या येतात, आणि वेळेवर शेकलं-पिळलं नाही तर तो सड, म्हणजे कासेचं ते आचळ, कायमचा बाद होतो. आधी कोपऱ्यातल्या लंगडी गाईला झाली, मग तिच्या शेजारच्या म्हातारी गाईला, मग ओळीनंच. विहिरीनं तळ दाखवलेला, चारा विकतचा आणि तोही काटकीसारखा, आणि वरून हे. आमच्या घरात त्या दिवसांत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मी तर गाईंवरही खेकसायचे.

थोरली खेकसायची नाही. थोरली म्हणजे माझी जाऊ. घरात दोघे भाऊ, थोरले भावजी आणि आमचे हे. दोघांच्या दोन बायका, ती आणि मी. बाकी सगळा गोठा. चारा आणायचा, शेण उचलायचं, दुधाचे कॅन सडकेवरच्या गाडीपर्यंत पोचवायचे, ही पुरुषांची कामं. धारा आमच्या दोघींकडे. म्हणजे खरं सांगायचं तर तिच्याकडे. माझ्या हाताला गाई दूध द्यायच्या, पण उपकार केल्यासारख्या. तिची नुसती चाहूल लागली की उभ्या उभ्या पान्हा सोडायच्या. माझा जळफळाट व्हायचा, आता खोटं कशाला बोलू. पण तिच्याकडे बघून राग फार वेळ टिकायचा नाही, हेही तितकंच खरं.

दगडीवर तिचा एकच इलाज. गरम पाण्यात मूठभर मीठ, त्यात पोत्याचा तुकडा बुडवायचा, पिळायचा आणि कासेला धरायचा. मग चोळून चोळून नासलेलं दूध काढून टाकायचं. शेवटी मलम. ते गुरांच्या दवाखान्यातून डब्यानं यायचं. घट्ट, पांढरंफेक, आणि वास असा की गाईनंही तोंड फिरवावं. त्यातही तिचा एक नियम होता. एका सडाला झालं की शेजारच्या चांगल्या सडालाही लावायचं. मी म्हणायचे, उगाच मलम वाया घालवताय. ती म्हणायची, "शेजारचं घर पेटल्यावर आपल्या छपरावर पाणी मारायला लाजू नये."

एका दुपारी मी चाऱ्याची पाटी घेऊन गोठ्यात शिरले, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. शेजारी पाण्याचं भांडं वाफाळत होतं. मला वाटलं वासराला शेकतेय. पण वासरू तर बाहेर बांधलेलं.

"जाऊबाई, काय करताय?"

ती दचकली. घाईघाईनं कपडे सावरले. हातातला ओला पोत्याचा तुकडा खाली पडला.

"काही नाही. पाटी ठेव आणि जा तू."

मी पाटी ठेवली, पण गेले नाही. सांगितलं आणि गेले, असा माझा स्वभावच नाही. जवळ गेले तर तोच वास. मलमाचा. तिच्या अंगाला.

"काय झालंय तुम्हाला?"

तिनं पडलेला तुकडा उचलून भांड्यात टाकला. मग म्हणाली, "धाकटे, दार लोटून घे." मी दार लोटलं. "मला दगडी लागलीय."

मला आधी हसूच आलं. मग तिनं माझा हात धरून डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली ठेवला, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. गाठ होती. लिंबाएवढी, टणक, आणि दाबली तरी हलत नव्हती.

"कधीपासून आहे ही?"

"पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा थंडी होती अजून. वाटलं, म्हातारीनं ढुशी मारली होती, तिथंच आलंय काहीतरी. मग लंगडीला दगडी झाली तेव्हा म्हटलं, हे तेच असणार. रोज शेकतेय. पिळायला काही नाही, म्हणून नुसतीच चोळतेय."

"दुखतं?"

"नाही ना. म्हणून तर वाटलं बरं होत आलंय."

"आणि भावजींना?"

तिनं माझं मनगट आवळलं. "कुणाला सांगायचं नाही. माझी शपथ आहे. गाडीवाल्याच्या कानावर गेलं की धार काढणाऱ्या बाईलाच दगडी झालीय, तर आपलं दूध सडकेवर ओतून देतील. या दिवसांत दूध बंद झालं तर गाईंना खायला काय घालायचं?"

म्हणजे एवढे महिने ही बाई दुखणं अंगावर काढत होती, ते गाईंच्या पोटासाठी. मी म्हटलं, "माणसाला दगडी होत नाही." ती म्हणाली, "तू काय डॉक्टर आहेस?" मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठं गाय आहात?" तेव्हा ती हसली. पण शपथ काही सोडली नाही.

त्याच आठवड्यात गुरांचा डॉक्टर आला. तरुण पोरगा, मोटारसायकलवरून हिंडायचा, बूट कायम शेणात. तो म्हातारीची कास तपासत खाली बसलेला, थोरली तिचं तोंड धरून उभी, मी पाण्याची बादली घेऊन. अचानक थोरली म्हणाली, "साहेब, एखादीला नुसती गाठच आली, आणि दुखत नाही, शेकून हलत नाही, तर काय करावं?"

"कुठल्या गाईला?"

"आहे एक."

"दाखवा की."

"ती दाखवून घ्यायची नाही."

मी खाली मान घातली. डॉक्टरचा हात कासेवरच थांबला. त्यानं वर बघितलं. थोरली डावा दंड अंगाशी घट्ट दाबून उभी होती, तिचं तिलाही ठाऊक नसावं. पोराच्या लक्षात आलं. तो उठला, बादलीत हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले. मग म्हातारीच्या पाठीकडे बघत म्हणाला, "त्या गाईला माणसांच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उद्याच. आणि शेकणं, चोळणं एकदम बंद. माझी आई असती तर मी आत्ता गाडीवर मागं बसवून नेली असती."

थोरलीनं विचारलं, "आणि दुधाचं काय?"

"दुधाला काही होत नाही. गाईची दगडी माणसाला लागत नाही. हे वेगळं आहे, मावशी."

शपथ त्या संध्याकाळी मीच मोडली. थोरले भावजी जेवायला बसले होते. तोंडाचे फटकळ, पुढ्यातल्या भांड्याशीही भांडतील असा माणूस. मला वाटलं घर डोक्यावर घेणार. त्यांनी सगळं ऐकलं, हात धुतला, आणि तिच्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "कपडे भरून ठेव." अर्धं जेवण तसंच राहिलं.

सकाळी आम्ही तिघं निघालो. धारा आमच्या ह्यांच्या गळ्यात पडल्या. आयुष्यात कधी गाईच्या खाली न बसलेला माणूस. बस हलली तसा थोरलीनं खिडकीतून मागं बघून सूचनांचा पाढा सुरू केला, म्हातारीला डावीकडून जाऊ नका, लंगडीला आधी थोडं खायला घाला. बस वळणावर गेली तरी ती सांगतच होती. मी म्हटलं, "आता गाईंनाच ऐकू जाईल एवढ्या लांबून." भावजी पुढच्या बाकावर सरळ बसून होते.

दवाखान्यात लांबच लांब बोळ, भिंतीला बाकं, बाकांवर बायका. एक माणूस दारात येऊन मोठ्यानं ओरडायचा, "गाठीवाल्या इकडं." सगळ्या बोळानं वळून बघावं असं. थोरली प्रत्येक वेळी खाली बघायची. मग तिला एक झगा दिला. त्याचे बंद तुटलेले. ती दोन्ही हातांनी तो धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "गाईला निदान झूल तरी नीट घालतो आपण."

आधी छातीचा फोटो काढायचा होता. त्या खोलीत गारठा होता. फोटो काढणारी बाई चष्मा लावलेली, किडकिडीत, कामाला चटपटीत. तिनं आधीच विचारलं, "अंगाला पावडर, अत्तर काही लावलंय का?" थोरली म्हणाली, "छे हो, आमच्यात कोण लावतंय." ती माझा हात सोडेना, म्हणून त्या बाईनं मला काचेच्या पडद्यामागं उभं राहू दिलं. यंत्राला दोन पाट्या, एक खाली, एक वर. मध्ये ठेवायचं आणि वरची पाटी खाली येऊन दाबते, चपटं होईपर्यंत. "हलू नका. श्वास धरा." एकदा सरळ, एकदा तिरकं. आधी डावं, मग उजवं. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं पण हूं की चूं नाही. पाटी वर गेल्यावर मला म्हणाली, "आता कळलं, गाई लाथा का मारतात." फोटोवाली खुदकन हसली.

मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. उजेडाच्या काचेवर फोटो लावलेले. काळ्यावर राखाडी. डावीकडे गाठ होती, ती मलाही दिसली, कडा ओबडधोबड. पण त्यांचं बोट उजव्या फोटोवर फिरत होतं. तिथं पांढरे ठिपके, मीठ सांडावं तसे.

"डावीकडं तर आहेच," त्या म्हणाल्या. "पण उजवीकडचे हे ठिपके मला आवडलेले नाहीत. दोन्हीकडं असू शकतं. दोन्हीकडचा सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. आणि तसंच निघालं तर दोन्ही बाजू काढाव्या लागतील, मनाची तयारी ठेवा."

बाहेर बाकावर येऊन बसलो. भावजी बोळाच्या टोकाशी गेले आणि तिकडंच तोंड करून उभे राहिले. थोरली झग्याची कड बोटांनी चाचपत होती.

"एक गेलं असतं तर मी काही बोलले नसते," ती म्हणाली. "तीन सडांची गायही दावणीला शोभते. पण दोन्ही, धाकटे."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. धीर द्यायला आलेली मी, आणि डोक्यावरून हात फिरवत होती ती.

तेवढ्यात फोटोवाली बाहेर आली. उजवीकडचा एक फोटो मोठा करून हवा होता. आत नेऊन तिनं थोरलीला यंत्रापाशी उभं केलं, दिवा जवळ ओढला, आणि थबकली. वाकून बघितलं. नखानं जरासं खरवडलं. नखावर पांढरं आलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हे काय आहे?"

"मलम," थोरली म्हणाली.

"कसलं मलम?"

"गाईच्या कासेचं."

"अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही पावडर आणि अत्तर विचारलंत. हे औषध आहे. त्या डॉक्टरांनी शेकू नका म्हटलं, चोळू नका म्हटलं. मलमाचं कुणी काही बोललं नाही. मी सकाळी निघताना चांगलं थापून लावलं."

"पण गाठ डावीकडं आहे. उजवीकडं कशाला लावलंत?"

थोरलीनं तिच्याकडे असं बघितलं, की एवढं साधं कसं कळत नाही. "एका सडाला झालं की शेजारच्यालाही लावायचं असतं. पसरू नये म्हणून."

फोटोवाली स्टुलावर बसली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या मलमात धातूची भुकटी असते आणि ती फोटोत पांढरी उमटते, हे तिनं आम्हाला मग सांगितलं. तेव्हा मात्र तिनं नुसतं कोपऱ्यातल्या मोरीकडे बोट केलं आणि साबणाची वडी माझ्या हातात दिली. "घासा. घडीघडीतून घासा. एक कणसुद्धा राहता कामा नये."

मी घासलं. थोरली उघडी, अंगावर काटा आलेला, दोन्ही हात वर करून उभी, आणि मी चरवी घासावी तशी तिला घासतेय. ते मलम पाण्याला दाद देत नव्हतं. घासता घासता मला हसू फुटलं, मग तिलाही. दोघी त्या गारठ्यात वेड्यासारख्या हसत होतो, आणि हसण्याच्या मागं भीती तशीच उभी होती.

"झालं? बघितलंस माझं सगळं?" ती म्हणाली. "आता यापुढं अहो-जाहो बंद. अगं म्हणायचं."

"बरं, अगं," मी म्हटलं. "हात वर कर."

तेव्हापासून आमचं अगं-तुगं सुरू झालं. घरात थोडे दिवस सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, मग सवय झाली.

पुन्हा फोटो काढला. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, काचेवर लावला, जवळून बघितला, लांबून बघितला. ठिपके गेले होते. "उजवी बाजू स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. निम्मा जीव जिवात आला. डावी राहिलीच. तिथं सुई घातली, तुकडा काढला, आणि काही दिवसांनी बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. कॅन्सर.

"आता मुद्दा एवढाच," डॉक्टरीणबाई भावजींना म्हणाल्या, "की तो हाडांत गेलाय की नाही. नसेल गेला तर काढून टाकू, औषधं देऊ, या बऱ्या होऊ शकतात. गेला असेल तर मग आम्ही फक्त थोपवून धरू शकतो. त्यासाठी हाडांचा फोटो काढू."

भावजींनी विचारलं, "थोपवून म्हणजे किती?" डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. आधी फोटो बघू, म्हणाल्या.

त्या फोटोची तऱ्हा निराळी. सकाळी दंडात सुई दिली आणि म्हणाले, आता बसा, पाणी प्या, औषध हाडांपर्यंत पोचू दे. ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायली. दुपारी तिला एका अरुंद फळीवर निजवलं आणि वरून एक मोठं चौकोनी तोंड डोक्यापासून पायापर्यंत सावकाश सरकत गेलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. एवढी उंचपुरी बाई, त्या फळीवर लहान दिसत होती.

निघताना नर्सनं बजावलं, "अंगात औषध आहे. आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं."

थोरलीनं विचारलं, "गाभण गाय चालेल का?"

नर्स हसली. मग तिची तिलाच खात्री वाटेना. आत जाऊन विचारून आली. "असं आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे. पण लांबच राहा, म्हणाले."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि गोठा हंबरत होता. आमच्या ह्यांची सकाळची धार म्हणजे आनंदच. एक बादली लाथेनं उडालेली, ह्यांच्या नडगीवर खूर उमटलेला, आणि निम्म्या गाईंच्या कासा टरारलेल्या. दूध तसंच राहिलं तर दगडी पुन्हा उलटणार, हे सगळ्यांना ठाऊक. मी बादली घेऊन लंगडीखाली बसले. लंगडी तेव्हा गाभण होती. सड धुतले, हात फिरवला, गोंजारलं. थेंब येईना. तिनं पान्हा चढवून धरला होता. मी चिडले, मग हातापाया पडले, मग पुन्हा चिडले. तिला दोन्हीचं काही नाही.

थोरली अंगणाच्या पार पलीकडे, झाडाखाली उलट्या पाटीवर बसली होती. तिथून पुढं यायचं नाही, असं मीच तिला दरडावलं होतं. तिथूनच तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात.

"अगं लंगडे, सोड गं. धाकटीच आहे ती. हात जरा खरबरीत आहे, पण मनानं वाईट नाही. सोड माझी बाई."

लंगडीचे कान वळले. माझ्या बोटांखाली सड भरत आल्याचं मला कळलं, आणि धार बादलीवर वाजली. मी एकीवरून दुसरीकडे सरकत गेले आणि ती तिकडून एकेकीशी बोलत राहिली. कुणाला शिव्या दिल्या, कुणाच्या वासराचं कौतुक केलं. भावजी गोठ्याच्या दारात कॅन धरून उभे होते. आपली बायको रोज गोठ्यात एवढं बोलते, हे त्या माणसाला त्या दिवशी कळलं असावं.

शेवटची म्हातारी राहिली. तिला थोरली म्हणाली, "मी उद्यापासून येईन. आणि समज नाहीच आले, तर हिला दूध द्यायचं. आढेवेढे घ्यायचे नाहीत. ऐकतेस ना?"

म्हातारीनं दूध दिलं. मला बादली धड दिसत नव्हती. भावजी कॅन तिथंच ठेवून घराच्या मागं निघून गेले.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या काचेवर थोरलीची सगळी हाडं उभी होती. मी खुर्चीची कड धरून ठेवली होती. त्यांनी कवटीपासून सुरुवात केली आणि खाली येत गेल्या. माझा श्वास त्यांच्या बोटाबरोबर चालला होता.

"मनगटांत आणि गुडघ्यांत थोडं उमटलंय," त्या म्हणाल्या.

भावजी उठूनच उभे राहिले.

"बसा, बसा. ती झीज आहे. काय काम करता तुम्ही?"

"धारा काढते," थोरली म्हणाली.

"मग बरोबर आहे. बाकी कुठं काही नाही. हाडं स्वच्छ आहेत."

भावजी बसले, पुन्हा उठले, टोपी काढली, घातली. बाहेर आल्यावर बायकोवर ओरडले, "सांगत होतो, उकिडवी बसू नकोस, स्टूल घे. ऐकायचंच नाही कुणाचं." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ओरडले. थोरली गालात हसली. घर पुन्हा रुळावर आलं, असं मला त्या ओरडण्यानं वाटलं.

डावी बाजू काढली. मग सलाइनमधून औषधं झाली, तिचे केस गेले, तोंडाची चव गेली, पाण्याचा घोटही नको व्हायचा. ते दिवस मी सांगत बसत नाही. थंडी पडता पडता ती डोक्याला फडकं गुंडाळून गोठ्यात आली. म्हातारीनं ते फडकं हुंगलं आणि ओढून काढलं. टकलावरून खरखरीत जीभ फिरवली. थोरली उभी राहून चाटून घेत होती.

आणि मग सुरू झाली आमची खरी चैन. उजव्या बाजूचा फोटो दर वर्षी काढायला हवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. गोठा असलेल्या बायकांना सुट्टी नसते. सकाळ-संध्याकाळ धार, लग्न असो की मरण. पण फोटोच्या दिवशी आम्हाला अडवायची कुणाची छाती नव्हती. सकाळची धार आटोपून आम्ही दोघी निघायचो, ठेवणीतले कपडे घालून. खिडकीची जागा जाताना तिची, येताना माझी. स्टँडवर उभ्यानं चहा. चहात पाणी किती आणि दूध किती, यावर तिचं मत ती मालकाला ऐकवायची. फोटोवाली आम्हाला बघून म्हणायची, "आली का मलमवाली?" फोटोआधी दोघीही धास्तावलेल्या असायचो. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही. पण स्वच्छ आहे म्हटलं की दोघी हलक्या होऊन बाजारभर हिंडायचो, काही न घेता. पायपुसण्यापासून आरशापर्यंत सगळ्याला नावं ठेवायची आणि पुढं जायचं. असं हसणं मी माहेरीही हसले नव्हते.

परतायचो तेव्हा भावजी सडकेशी कुंपण दुरुस्त करत असायचे. दर वर्षी त्याच दिवशी ते कुंपण कसं मोडायचं, देव जाणे. थोरली बसमधून उतरता उतरता म्हणायची, "स्वच्छ आहे." ते म्हणायचे, "मी विचारलं का?" आणि हातोडी उचलून घरी चालायला लागायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. लंगडी गेली, म्हातारी गेली, त्यांच्या लेकी-नाती दावणीला आल्या. फोटोवाली निवृत्त झाली, तिच्या जागी एक नवी पोरगी आली. त्या खेपेला फोटो काढला, पण तो बघणारे डॉक्टर रजेवर होते. पोरगी म्हणाली, पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जा. थोरली खूश झाली. म्हणाली, "बघ, यंदा दोनदा यायला मिळणार."

त्या आठवड्याच्या आतच ती गेली. सकाळची धार झाली होती. ती खांबाला टेकून बसली होती, भरलेली बादली शेजारी. मी दोनदा हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तिला कळलंही नसेल. कॅन्सरचा काही संबंध नाही, असंही म्हणाले. त्याचं समाधान मानायचं की काय करायचं, मला समजेना.

फोटो तिकडंच राहिला होता. सगळे म्हणाले, आता काय करायचाय तो. पण मला राहवेना. एका सकाळी धार काढली, ठेवणीतले कपडे घातले आणि एकटीच बसमध्ये बसले. खिडकीची जागा मोकळी होती, तरी मी कडेलाच बसले. पोरीनं पाकीट शोधून दिलं, आतला कागद वाचला आणि हसून म्हणाली, "छान आहे. एकदम स्वच्छ. पुढच्या वर्षी याच सुमाराला पाठवा त्यांना."

तिला सांगावं असं मनात आलं. ओठांपर्यंत आलं.

"सांगते," मी म्हटलं.

परतले तेव्हा भावजी सडकेशी कुंपणापाशी उभे होते. हातात हातोडी नव्हती. मी उतरले तसे दोन पावलं पुढं आले.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. मग हात पुढं केला. "दाखव. मी कधी बघितलाच नाही."

मी पाकिटातून फोटो काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला. काळ्या कागदातून ऊन आलं आणि राखाडी रेषा उमटल्या, बारीक, एकमेकींत शिरलेल्या. कुठंही डाग नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

"यात ती कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"ही सगळी तीच आहे, भावजी."

त्यांनी फोटो खाली घेतला नाही. गोठ्यात गाई हंबरायला लागल्या होत्या. मी त्यांना तसंच उन्हात उभं ठेवलं आणि धारा काढायला गेले.